जुनं मशीन, नवी ओएस: महाड-पोलादपूरपुरता विचार

१४ ऑक्टोबर २०२५ या दिवशी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० ची नेहमीची सुरक्षा अपडेट्स थांबवली. त्या दिवशी कुणाचाच संगणक बंद पडला नाही. महाडच्या बाजारपेठेत बिलं निघतच राहिली, सेवा केंद्रांत दाखल्यांचे अर्ज भरले जात राहिले, टायपिंगच्या वर्गांत मुलं बसतच राहिली. त्यामुळे जुन्या मशीनचं काय करायचं, हा प्रश्न आपल्याकडे उशिरा आणि निरनिराळ्या तोंडांनी पुढे येतो आहे. ‘स्क्रीनवर सारखी सूचना येते, काय करू?’ ‘विंडोज ११ टाकून मिळेल का?’ ‘मशीन हँग होतंय, फॉरमॅट मारलं तर सुधारेल?’ आणि सगळ्यात जास्त वेळा, ‘आता नवीनच घ्यावं लागेल का?’

या प्रश्नांना सरसकट एक उत्तर देणारे पुष्कळ भेटतात. कुणी सगळ्यांना नवा लॅपटॉप घ्यायला लावतो, कुणी सगळ्यांच्या मशीनवर लिनक्स टाकायला निघतो, कुणी पाचशे रुपयांत ‘काहीतरी जुगाड’ करून देतो. माझं मत सुरुवातीलाच सांगून टाकतो. आपल्या भागात आधी त्या मशीनवर कोणतं काम चालतं ते पाहावं, मग आतली डिस्क पाहावी, आणि ओएसचा, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीमचा, विचार त्यानंतर करावा. हा क्रम उलटा झाला की पैसेही जातात आणि डेटाही.

आधी ही मशीन येतात कुठून ते बघू. महाड आणि पोलादपूर हे चाकरमान्यांचे तालुके. मुंबई-ठाण्याच्या ऑफिसांतून निकाली निघालेले लॅपटॉप गणपतीला किंवा शिमग्याला गावी येतात आणि पुतण्याच्या, भाचीच्या अभ्यासाला लागतात. दुसरा ओघ मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून येतो. मोठ्या कंपन्या तीन-चार वर्षांनी जे थिंकपॅड, लॅटिट्यूड, एलिटबुक बदलतात, ते तिथे साफसूफ होऊन स्वस्तात विकले जातात. शिवाय शाळांना देणगीत आलेले, ग्रामपंचायतींत योजनेतून आलेले आणि टायपिंग इन्स्टिट्यूटमध्ये दहा-दहा वर्षं चाललेले डेस्कटॉप आहेतच. यातल्या बऱ्याच मशीनचा सांगाडा अजून दणकट आहे. ऑफिससाठी बनवलेला लॅपटॉप घरगुती स्वस्त लॅपटॉपपेक्षा जास्त टिकतो. त्याचे चार स्क्रू काढले की रॅम, डिस्क आणि बॅटरी बदलता येते.

अडचण आहे ती विंडोज ११ च्या अटींची. त्याला टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप लागते, सिक्युअर बूट लागतं, किमान ४ जीबी रॅम आणि ६४ जीबी जागा लागते. यातल्या बहुतेक अटी एखादं जुनं मशीन पुऱ्या करील, पण प्रोसेसरची अट आडवी येते. इंटेलचा असेल तर साधारण आठव्या पिढीपासून पुढचाच प्रोसेसर चालतो. पिढी ओळखायला सोपी आहे. ‘धिस पीसी’वर राइट क्लिक करून प्रॉपर्टीज उघडा आणि प्रोसेसरच्या नावातला आकडा वाचा. आय५-८२५०यू असेल तर पहिला आकडा आठ, म्हणजे आठवी पिढी. आय५-६३००यू असेल तर सहावी, आणि विंडोज ११ च्या दारातच अडवली जाणारी. आठवी पिढी २०१७ च्या उत्तरार्धात बाजारात आली. म्हणजे सहाव्या-सातव्या पिढीचा, अजून उत्तम चालणारा ऑफिस लॅपटॉप एका आकड्यामुळे जुना ठरतो. मोठ्या ऑफिसांतून येत्या काळात नेमके हेच लॅपटॉप निकाली निघणार आणि त्यातले कितीतरी कशेडी घाटाच्या अलीकडे-पलीकडे येणार. त्यामुळे हा प्रश्न एका दिवाळीत संपणारा नाही.

काहीच न करण्याचा मार्ग बहुतेकांनी आपोआप निवडलेला आहे. त्याचा धोका लगेच दिसत नाही. विंडोज ७ चा आधार १४ जानेवारी २०२० रोजी संपला, तरी ती मशीन चालत राहिली. पण २०२३ च्या सुरुवातीला क्रोमने विंडोज ७ साठी नव्या आवृत्त्या देणं थांबवलं. हळूहळू सरकारी आणि बँकांच्या साइट ‘ब्राउजर जुना आहे’ म्हणू लागल्या, आणि तिथे ती मशीन खऱ्या अर्थाने निकामी झाली. विंडोज १० चंही असंच टप्प्याटप्प्याने होईल. सुरक्षेचा धोका मात्र तेवढी वाट बघत नाही. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय हा फाइली ओलीस ठेवणारा व्हायरस जगभर पसरला, तो अपडेट न केलेल्या विंडोजच्या एका भोकातून. दीड महिन्यातच नॉटपेट्या आला. त्याने २७ जून २०१७ रोजी आपल्याच रायगड जिल्ह्यातल्या जेएनपीटी बंदरातलं मर्स्क समूहाचं टर्मिनल ठप्प केलं आणि कंटेनरच्या रांगा लागल्या. एवढ्या मोठ्या कंपनीवर ही वेळ आली, तर ज्या दुकानात एकाच मशीनवर टॅली, नेटबँकिंग आणि पोराचे गेम चालतात, तिथे काय होईल याचा विचार करावा.

मुदत वाढवून घेण्याचा एक सरळ रस्ता मायक्रोसॉफ्टनेच ठेवला. घरगुती वापरासाठी विंडोज १० ची वाढीव सुरक्षा अपडेट्स १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत मिळतील असं जाहीर झालं. त्यासाठी ३० डॉलर भरता येतात, मायक्रोसॉफ्ट रिवॉर्ड्सचे १००० गुण वापरता येतात, किंवा मायक्रोसॉफ्टच्या खात्याने साइन-इन करून सेटिंग्ज त्या खात्याशी जोडल्या तर पैसे न देताही हे मिळतं. संस्थांसाठी दर वेगळे. कंपन्यांना पहिल्या वर्षी एका मशीनमागे ६१ डॉलर आणि पुढची दोन वर्षं दरवर्षी दुप्पट. शिक्षणसंस्थांना मात्र पहिल्या वर्षी १ डॉलर, मग २, मग ४. महाड-पोलादपुरातल्या कॉलेजांनी आणि माध्यमिक शाळांनी हा शिक्षणाचा दर आपल्या पुरवठादाराकडे नाव घेऊन मागावा. मागितल्याशिवाय तो कुणी आपणहून सांगत नाही. पण हा सगळा उसना वेळ आहे. त्या वेळात पुढची तयारी करायची असेल तरच तो घेण्यात अर्थ आहे.

आता विंडोज ११ जबरदस्तीने टाकण्याबद्दल. हे होतं, आणि आपल्याकडे सर्रास होतं. रूफस नावाच्या छोट्या प्रोग्रॅमने पेनड्राइव्ह बनवताना टीपीएमची तपासणी वगळण्याची खूण करता येते आणि सहाव्या-सातव्या पिढीच्या मशीनवर विंडोज ११ बसतं. ते बऱ्यापैकी चालतंही. मायक्रोसॉफ्ट मात्र त्याची जबाबदारी घेत नाही, आणि वर्षाची मोठी आवृत्ती अशा मशीनवर आपोआप येत नाही. ती दरवेळी हाताने टाकावी लागते. गावात वर्षातून एकदा हे करून देणारा माणूस असेल तर ठीक, नाहीतर दोन वर्षांत आपण पुन्हा आहे तिथेच. फार जुन्या मशीनना तर हाही रस्ता नाही. २०२४ च्या आवृत्तीपासून विंडोज ११ ला प्रोसेसरमध्ये काही अशा सूचना लागतात ज्या कोअर २ ड्युओमध्ये मुळातच नाहीत. तिथे ते सुरूच होत नाही. आणि ४ जीबी रॅमच्या मशीनवर हा खटाटोप करू नये. कागदावर अट पुरी होते, पण ब्राउजरच्या चार टॅब उघडल्या की माउस जागचा हलत नाही.

याला जोडूनच क्रॅकबद्दल स्पष्ट बोललं पाहिजे. ‘विंडोज मारून द्या’ म्हटलं की पुष्कळ ठिकाणी परवाना नसलेली कॉपी टाकून तिला ॲक्टिव्हेटर लावून दिला जातो. तो ॲक्टिव्हेटर चालवायला आधी अँटिव्हायरस बंद करावा लागतो. म्हणजे घराच्या दाराची कडी आपणच काढतो आणि आत कोण आलं ते बघतही नाही. ज्या मशीनवर लोकांचे आधार क्रमांक, सातबारा आणि बँक पासबुकं स्कॅन होतात, त्यावर असा प्रोग्रॅम असणं हा गिऱ्हाइकांशी केलेला अन्याय आहे. जुन्या ब्रँडेड लॅपटॉपचा मूळ परवाना बहुधा मशीनमध्येच नोंदलेला असतो. त्याच प्रकारची अस्सल विंडोज १० पुन्हा टाकली तर ती नेट लागताच स्वतःहून ॲक्टिव्हेट होते. दुकानदाराला एवढं सांगितलं तरी निम्मी गरज भागते.

मग उरतं लिनक्स. लिनस टोरवाल्ड्सने १९९१ मध्ये सुरू केलेलं हे काम आज अँड्रॉइडच्या रूपाने प्रत्येकाच्या खिशात आहे. तरी संगणकावर लिनक्स म्हटलं की आपल्याकडे अजून चेहरे बदलतात. वास्तविक जुन्या किंवा साध्या मशीनवर लिनक्स चालवण्याचे प्रयोग आपल्या आसपासच झालेले आहेत. गोव्यात या शतकाच्या सुरुवातीच्या वर्षांत परदेशातल्या गोवेकरांच्या पुढाकाराने वापरलेले संगणक शाळांसाठी आणले गेले आणि त्यांवर लिनक्स टाकलं गेलं. कारण साधं होतं, फुकट आलेल्या मशीनपेक्षा त्यावरच्या सॉफ्टवेअरचा परवाना महाग पडत होता. रायगड जिल्ह्यात कर्जत तालुक्यातल्या खैराट या वाडीच्या शाळेत २००७ मध्ये ‘एका मुलाला एक लॅपटॉप’ या जागतिक योजनेचा भारतातला पहिला प्रयोग झाला. त्या हिरव्या-पांढऱ्या लॅपटॉपमध्ये फक्त २५६ एमबी रॅम होती आणि आत लिनक्सच होतं. ती योजना देशभर पसरली नाही, पण डोंगरातल्या वाडीवरची मुलं लिनक्स हाताळू शकतील का, हा प्रश्न आपल्या जिल्ह्याला नवा नाही. केरळने तर सरकारी शाळांतलं संगणक शिक्षण मुक्त सॉफ्टवेअरवर नेलं आणि त्यासाठी शिक्षकांना तयार केलं. आपल्या सीडॅकने २००७ मध्ये बॉस ही लिनक्सवर आधारलेली प्रणाली काढली. २०२३ मध्ये संरक्षण मंत्रालयाने आपल्या संगणकांसाठी उबुंटूवर आधारित माया ही प्रणाली घेतली.

या सगळ्या उदाहरणांत मला केरळचं उदाहरण सर्वात महत्त्वाचं वाटतं, आणि ते तंत्रज्ञानासाठी नाही. तिथे मशीनबरोबर माणूस तयार केला गेला. लिनक्स टाकून दिलं आणि माणूस निघून गेला, की महिन्याभरात प्रिंटर चालत नाही म्हणून कुणीतरी पुन्हा क्रॅकवालं विंडोज टाकतो. शाळांत देणगीच्या मशीनवर धूळ का साचते, याचं कारण बहुधा यातच सापडतं.

कोणतं लिनक्स, यावर फार वेळ घालवायला नको. ४ जीबी रॅमच्या पुढच्या मशीनला लिनक्स मिंट टाकावं. विंडोजची सवय असलेल्याला त्याचा खालचा पट्टा आणि मेनू ओळखीचा वाटतो, आणि मिंट २२ ला २०२९ पर्यंत अपडेट्स मिळणार आहेत. २ ते ४ जीबीला मिंटचीच एक्सएफसीई आवृत्ती किंवा लुबुंटू. ज्या मशीनवर फक्त ब्राउजर हवा, तिथे गूगलचं क्रोमओएस फ्लेक्स चालेल. पण त्याला गूगलचं खातं लागतं आणि त्यातली बहुतेक कामं नेटवरच चालतात, म्हणून पोलादपूरच्या आतल्या खोऱ्यांत त्याचा भरवसा धरू नये. ३२ बिटच्या जुन्या नेटबुकसाठी पर्याय झपाट्याने आटत चालले आहेत. डेबियनने ऑगस्ट २०२५ मधल्या १३ व्या आवृत्तीत ३२ बिटचं इन्स्टॉलेशन बंद केलं. अँटिएक्ससारखं एखादं उरलं आहे. पण खरं सांगायचं तर त्या मशीनला आता निवृत्त करावं.

इथे थोडं थांबून डिस्कबद्दल बोलतो, कारण आपल्याकडची निम्मी ‘ओएसची’ तक्रार प्रत्यक्षात डिस्कची असते. जुन्या मशीनमध्ये फिरती हार्ड डिस्क असते. विंडोज १० तिच्यावर सुरू झालं की टास्क मॅनेजरमध्ये डिस्कचा आकडा शंभर टक्क्यांवर जाऊन बसतो आणि पाच-सात मिनिटं काही हलत नाही. तिच्याजागी २५६ जीबीची एसएसडी बसवली की तेच मशीन, तीच ओएस, अर्ध्या मिनिटात तयार होते. नव्या लॅपटॉपच्या मानाने हा खर्च किरकोळ आहे. जुनी डिस्क बाहेर काढून केसमध्ये घातली की बॅकअपसाठी वापरता येते. एसएसडी न टाकता नुसती ओएस बदलून देणाऱ्याला मी चांगला कारागीर म्हणणार नाही.

आपल्या भागाचं दुसरं वास्तव म्हणजे दमट हवा. महाड-पोलादपुरात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. पावसाळ्यात बंद खोलीत पडून असलेलं मशीन दसऱ्याला सुरू करावं, तर नुसते बीप वाजतात आणि स्क्रीन काळी राहते. मालक म्हणतो, ‘विंडोज उडालं.’ विंडोज उडालेलं नसतं. दुकानातला पोऱ्या रॅमची पट्टी बाहेर काढतो, तिच्या सोनेरी दातांवरून साधं खोडरबर फिरवतो, भुसा फुंकून टाकतो, पट्टी ‘टक’ आवाज येईपर्यंत परत दाबतो, आणि मशीन उठतं. मदरबोर्डवरचा नाण्याएवढा सेल, सीआर २०३२, संपलेला असेल तर तारीख मागच्या दशकात जाते. मग प्रत्येक सुरक्षित साइट ‘सर्टिफिकेट चुकीचं’ म्हणून अडवते. तिथेही फॉरमॅट मारून काही होणार नसतं, सेल बदलावा लागतो. म्हणून ओएसचा पेनड्राइव्ह लावण्याआधी मशीन उघडून साफ करणं, पंख्यातली धूळ काढणं आणि सेल बदलणं ही आपल्याकडे पहिली पायरी मानली पाहिजे.

प्रत्यक्ष काम कसं करावं तेही थोडं सविस्तर सांगतो, कारण गडबड इथेच होते. ओएसची फाइल तीन जीबीच्या आसपास असते, विंडोजची याहून मोठी. रेंज जाते-येते अशा गावात ती उतरवत बसू नये. महाडला चांगलं नेट असेल तिथे उतरवून पेनड्राइव्हवर न्यावी. पेनड्राइव्ह लावून मशीन सुरू करताना एफ१२, एफ९ किंवा एस्केप, कंपनीप्रमाणे जी असेल ती कळ दाबली की बूट मेनू येतो. लिनक्सचं मोठं सुख हे की डिस्कला हात न लावता ते पेनड्राइव्हवरून चालवून बघता येतं. त्या अवस्थेत एकेक गोष्ट तपासावी. वाय-फाय दिसतं का, आवाज येतो का, कॅमेरा चालतो का, प्रिंटर ओळखला जातो का, मराठी टाइप होतं का. काही लॅपटॉपवर वाय-फायचा ड्रायव्हर नंतर टाकावा लागतो. तेव्हा मोबाइल यूएसबी केबलने जोडून टेथरिंग केलं की त्यावरून नेट मिळतं आणि काम होतं. वीज कधी जाईल याचा नेम नसेल तर यूपीएसशिवाय इन्स्टॉलेशनला बसूच नये. जुन्या लॅपटॉपची बॅटरी बहुधा नावापुरतीच असते.

यानंतर येते सगळ्यात धोक्याची स्क्रीन. इन्स्टॉलर विचारतो, पूर्ण डिस्क पुसून टाकू का? आपल्याकडे ‘फॉरमॅट मारणं’ म्हणजे फक्त सी ड्राइव्ह पुसणं, डी ड्राइव्हला धक्का लागत नाही, अशी वर्षानुवर्षांची समजूत आहे. विंडोजच्या बाबतीत ती बहुतेक वेळा खरीही ठरली. लिनक्सच्या इन्स्टॉलरमधल्या त्या पर्यायाने मात्र अख्खी डिस्क जाते. सी, डी, ई सगळं. लग्नाचे फोटो, जमिनीच्या केसचे स्कॅन, टॅलीचा डेटा, सगळं एका क्लिकमध्ये. आधी बाहेरच्या डिस्कवर कॉपी, ती कॉपी दुसऱ्या मशीनवर उघडून पाहिलेली, आणि मगच पुढचं बटण. ऑफिसातून आलेल्या लॅपटॉपवर बिटलॉकर, म्हणजे डिस्कला लावलेलं कुलूप, असेल तर त्याची रिकव्हरी की आधी मिळवावी. बायोसला कंपनीचा पासवर्ड असेल तर लॅपटॉप घेण्याआधीच तो काढून मागावा.

मराठी टायपिंग हा आपल्यासाठी लहान मुद्दा नाही. युनिकोड मराठी आता विंडोजवर आणि लिनक्सवर सारखीच चालते. इनस्क्रिप्ट कळफलक दोन्हीकडे आहे, इंग्रजी अक्षरांतून मराठी लिहिण्याची सोयही दोन्हीकडे होते. मुक्ता, लोहित, नोटो हे देवनागरी फाँट मोफत आहेत. पोलादपूरच्या दऱ्याखोऱ्यांबद्दल लिहिताना ‘दऱ्या’तला तो अर्धा र नीट उमटतो का, एवढी एक चाचणी केली तरी फाँट आणि कळफलक ठीक बसलेत की नाही ते कळतं. खरी अडचण आहे जुन्या फाइलींची. श्रीलिपी आणि आयएसएमवर केलेले ग्रामपंचायतीचे ठराव, शाळांचे दाखले, वकिलांचे मसुदे युनिकोडमध्ये नाहीत. नव्या ओएसवर ते उघडले की न वाचता येणारी अक्षरं दिसतात. ते आधी कन्व्हर्टरने युनिकोडमध्ये आणून तपासून ठेवावेत. हे काम कंटाळवाणं आहे, पण ते टाळलं तर गावाची पंधरा-वीस वर्षांची कागदपत्रं एका मशीनबरोबर मरतील. टायपिंग इन्स्टिट्यूटची गोष्ट निराळी. मुलांना सरकारी परीक्षेला ज्या वातावरणात बसायचं तेच सरावाला हवं, म्हणून तिथे विंडोजच ठेवावं.

विंडोज ठेवावंच लागेल अशी आणखीही ठिकाणं आहेत. आपले सरकार सेवा केंद्रात आधारसाठी लागणारं बोटाच्या ठशाचं यंत्र मुख्यतः विंडोज आणि अँड्रॉइडवरच चालतं. टॅली मुळात विंडोजसाठी आहे. झेरॉक्सच्या दुकानांत आणि कचेऱ्यांत सगळीकडे दिसणारा कॅननचा एलबीपी २९०० लिनक्सवर चालवणं किचकट आहे. एचपीचे बरेच प्रिंटर मात्र सहज चालतात. या लोकांनी लिनक्सच्या मागे लागू नये. वाढीव अपडेट्सच्या मुदतीत एक आठव्या पिढीपुढचं, वापरलेलं का होईना, मशीन घ्यावं. जुनं मशीन लिनक्स टाकून घरातल्या मुलांना द्यावं. बिरवाडीकडच्या एमआयडीसीतल्या कारखान्यांच्या आणि गावातल्या पॅथॉलॉजीच्या प्रयोगशाळांबद्दल सल्ला आणखी वेगळा आहे. तपासणी यंत्राला जोडलेला संगणक विंडोज ७ वर असेल आणि यंत्राचं सॉफ्टवेअर त्याच्याशी बांधलेलं असेल, तर ओएसला हात लावू नका. तो संगणक इंटरनेटपासून पूर्ण तोडा, पेनड्राइव्ह तपासल्याशिवाय लावू नका, आणि डिस्कची हुबेहूब प्रत काढून कपाटात ठेवा.

उलट प्राथमिक शाळा, वाचनालयं आणि विद्यार्थ्यांची घरं इथे लिनक्स न टाकण्याचं कारणच मला दिसत नाही. दीक्षा पोर्टल ब्राउजरमध्ये चालतं, बालभारतीची पुस्तकं पीडीएफमध्ये आहेत, लिबरऑफिसमध्ये तक्ते आणि पत्रं होतात. लिनक्स आणि लिबरऑफिस शिकवणारे मराठीतले व्हिडिओ आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पात मोफत आहेत. दुर्गम वाडीवरच्या शिक्षकाला ते एकदा उतरवून देता येतात, नेट नसलं तरी चालतात.

महाडकरांना बॅकअपचं महत्त्व वेगळं सांगावं लागू नये. २२ जुलै २०२१ ला सावित्री आणि गांधारीचं पाणी बाजारपेठेत शिरलं आणि काउंटरखालचे सगळे सीपीयू चिखलात गेले. त्याच दिवशी तालुक्यातल्या तळिये गावात दरड कोसळली आणि ऐंशीहून जास्त माणसं गेली. त्या दुःखापुढे संगणकाची गोष्ट काढायची नसते, म्हणून तेव्हा ती कुणी काढली नाही. पण वह्यांबरोबर उधारीची, मालाची आणि जीएसटीची नोंदही पाण्यात गेली, आणि दुकानं पुन्हा उभी करताना तिची उणीव जाणवली. पाण्यात गेलेली डिस्क वीज जोडून ‘चालते का’ बघायची नसते, तशीच जपून डेटा काढणाऱ्याकडे द्यायची असते. ते माहीत नसल्याने वाचण्यासारख्याही डिस्क गेल्या असणार. बॅकअपची डिस्क त्याच दुकानाच्या गल्ल्यात ठेवून काही उपयोग नाही. ती माळ्यावर, शक्यतो दुसऱ्या गावी, नातेवाइकाकडे असावी, आणि टॅलीची एक प्रत क्लाउडवरही.

जे मशीन खरंच संपलं, ते भंगारवाल्याला देऊन वायरी जाळायला लावू नये. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांनुसार विल्हेवाटीची जबाबदारी उत्पादकावर आहे. नोंदणीकृत पुनर्वापर करणाऱ्याकडे ते जावं. चार शाळांनी आपलं साठलेलं सामान एकत्र केलं तर न्यायला गाडी येऊ शकते.

लोणेऱ्याला डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठ आहे, महाड-पोलादपुरात कॉलेजं आहेत. तिथल्या संगणकाच्या विद्यार्थ्यांना माझी विनंती आहे. दिवाळीनंतर ते मे अखेरपर्यंतचे कोरडे महिने या कामाला चांगले. एखाद्या शनिवारी एक शाळा घ्या. आधी मशीन साफ करा, डेटा उतरवा, मगच ओएस टाका. आणि निघून येण्याआधी त्या शाळेतल्या एका शिक्षकाला आणि मोठ्या वर्गातल्या दोन मुलींना तेच काम दुसऱ्या मशीनवर स्वतःच्या हातांनी करायला लावा. पेनड्राइव्ह त्यांच्याकडेच ठेवून या, वर तुमचा फोन नंबर चिकटवून.